टॅमसिनला आणायला गेले तो दिवस

११ फेब्रुवारी

टॅमसिनचा फोन. "आई, ये." मागून ब्रॉकचा आवाज, "कुणाशी बोलतेयस गं?" आणि फोन बंद.

ब्रॉकशी लग्नाला तीन वर्षं झाली. पोरगी पहिल्यांदा 'ये' म्हणाली!

उजाडताच निघते.

१२ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

पहाटे पाचला व्हॅन काढली, माझं राहतं घरही तीच. दोनशे ऐंशी किलोमीटर, सगळा लाल मातीचा रस्ता. खाणीच्या खानावळीत बावीस वर्षं रांधलं मी, हा रस्ता पाठ आहे. कडेला मरून फुगलेली कांगारू, त्यांच्यावर बसलेले गरुड. नऊ वाजताच तापलेल्या स्टिअरिंगला हात लावता येईना.

वाटेत मर्लच्या पंपावर थांबले. तिथून पुढे पाणीसुद्धा मिळत नाही. मर्ल म्हणाली, "एकटीच चाललीस? अगं, परवा ब्रॉकनं माझ्या कुत्र्याची बरगडी मोडली. का, तर आडवा आला म्हणून! पोलिसाला घेऊन जा." पोलीस म्हणजे एकटा कीरन, तोही उलट्या दिशेला दोनशे किलोमीटरवर. म्हटलं, "चहा टाकून ठेव, येताना दोघी असू."

ब्रॉकची सोन्याची खाण म्हणजे राहायला दोन जुन्या कॅराव्हॅन, माती उपसायचा एक लोडर, मातीचे ढीग आणि जागोजागी उघडी भोकं — आत दगड टाकला तर आवाज येत नाही. तो लोडरवर होता, पलीकडच्या खड्ड्यात. टॅमसिन बाहेर आली. डावा डोळा बंद. ओठ फाटलेला. दोन बोटं एकमेकांना चिकटपट्टीनं बांधलेली.

"कधीपासून चाललंय हे?"

"आजचंच आहे गं."

खोटारडी! मीसुद्धा नर्सला सांगायचे, पायरीवरून घसरले. एकोणीस वर्षं घसरत होते — हिच्याच बापाच्या घरात.

पिशवी भरली तर म्हणते, "त्याचं जेवण झाकून ठेवते." म्हटलं, "घाल खड्ड्यात ते जेवण!" मनगट धरून ओढत आणली तिला. विव्हळली. मी सोडलं नाही.

चाळीस किलोमीटर गाडी नुसती हाणली. मग मिठाचं तळं आलं, पांढरंफटक. ती म्हणाली, "आई, माझ्याशिवाय त्याला कोणी नाही गं." मी उत्तर देणार, तेवढ्यात आरशात धूळ दिसली.

पहिली धडक बसली तेव्हा मागचं कपाट उघडलं. दुसरीला सगळ्या बशा फुटल्या. त्याच्या गाडीला पुढे लोखंडी दांडे आहेत, माझी व्हॅन म्हणजे पत्र्याचा डबा! मी वायरलेसवर ओरडले — "पांढरी व्हॅन, मिठाच्या तळ्यापाशी, मागून एक जण ठोकतोय, कोणी आहे का?" खरखर. मग आवाज आला, "मी झोरान. खनिज भरलेला तीन डब्यांचा ट्रक आहे माझा. वीस मिनिटं लागतील. थांबू नकोस, बाई!"

थांबते कसली! तिसऱ्या धडकेला व्हॅन आडवी झाली, झुडपात घसरत गेली. पीठ, साखर, काचा — सगळं आमच्या अंगावर.

तो उतरला. हातात माती उकरायची कुदळ. पुढची काच फोडली, हात घातला आणि टॅमसिनला केसांनी धरून काचांमधून बाहेर खेचलं. वर किती हळू आवाजात म्हणाला — "घरी चल, राणी." आणि तिच्या पोटात लाथ घातली. मग आणखी एक.

मी मागच्या दारातून रांगत निघाले. हाताला चाकाचा पाना लागला. पहिला घाव गुडघ्यावर. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो वळला, कुदळ उचलली — दुसरा घाव हातावर. कुदळ पडली. तोही पडला.

इथे थांबायला हवं होतं. नाही थांबले. खरं लिहायचं तर ते दोन घाव गरजेचे होते. पुढचे चार माझे. "बास, म्हातारे," म्हणाला तो, रडत होता. मी जबड्यावर मारलं. टॅमसिनचा बाप आठवत होता — अंथरुणात शांत झोपेत गेला, कुणी एक चापट मारली नव्हती त्याला! मारताना बरं वाटत होतं. फार बरं.

"आई, मरेल तो!" टॅमसिननं त्याच्यावर अंग टाकलं. सातवा घाव तिच्या पाठीच्या वीतभर वर थांबला.

झोरान धावत आला. दोघांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, दे ते. दे इकडे." बोटं उघडेनात, त्यानं एकेक करून सोडवली. ब्रॉकला ट्रकच्या डब्याखालच्या सावलीत ओढलं. शेहेचाळीस डिग्री ऊन. टॅमसिन त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, ओल्या फडक्यानं तोंड पुसत. मी दुसऱ्या चाकाला टेकून बसले होते. माझ्या कपाळातून रक्त डोळ्यात येत होतं. तिनं एकदाही इकडे पाहिलं नाही.

झोराननं वायरलेसवरून बोलावलेलं डॉक्टरांचं विमान रस्त्यावरच उतरलं, त्या दोघांना घेऊन गेलं. कपाळाला पट्टी बांधून घेऊन मी झोरानच्या गाडीत बसले. वाटेत त्यानं विचारलं, "पोलिसांना काय सांगशील?"

"झालं ते."

"सगळं?"

मी कपाळाची पट्टी चाचपली.

१३ फेब्रुवारी

कीरनला सगळं सांगितलं. त्यानं पेन थांबवलं. "सहा घाव? ग्लेनिस, नीट आठव. गडबडीत माणूस चुकतो." बिचारा वाट काढून देत होता.

"सहा," म्हटलं.

१५ फेब्रुवारी

हॉस्पिटल. टॅमसिनच्या तीन बरगड्या गेल्यात. ब्रॉक वरच्या मजल्यावर — जबडा तारेनं बांधलाय.

"त्याला बोलता येत नाही," टॅमसिन म्हणाली.

"बरंच झालं की!"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. संत्री उशाशी ठेवून आले.

१८ फेब्रुवारी

गावात खोली घेतली. व्हॅन भंगारात गेली. दोन खाटा, दोन उशा. टॅमसिनला खिडकी आवडते म्हणून तिची खाट खिडकीशी.

मर्लचा फोन — "चहा थंड झाला गं बाई!" हसलो दोघी. मग मी फोनवरच ढसाढसा रडले.

२४ फेब्रुवारी

आज तिला सोडणार होते. नऊलाच पोचले. खाट रिकामी, चादरसुद्धा बदललेली. नर्स म्हणाली, "कालच गेल्या त्या. नवऱ्याची चाकाची खुर्ची स्वतः ढकलत."

२७ फेब्रुवारी

कीरन दारात उभा आहे, टोपी हातात घेऊन. मला न्यायला आलाय. ब्रॉक अजून बोलू शकत नाही. जबाब टॅमसिनचा आहे — सुखानं नांदत होते, आईनं जबरदस्तीनं ओढून नेलं, नवरा सोडवायला आला तर त्याला मारलं. चार पानं. प्रत्येक पानाखाली तिची सही.

वाचून दाखवू का, म्हणाला. नको म्हटलं.