गाडीत बसायला सांगितलेला मेहुणा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे, त्याआधी कैदी आणि त्याआधी दरोडेखोर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्या दिवशी ते खरोखर ठिकाणावर नव्हते, त्या दिवशी मला कोणी दाखला मागितला नाही.

कलम पहिले. राहते घर, दोन खोल्या व मागचा व्हरांडा, कागदोपत्री माझ्या नावावर आहे. ते माझे नाही. मी आत असताना पत्नीने शिवणयंत्रावर पाय झिजवून ते राखले. नाव बदलायला ती गेली नाही, कारण कचेरीत माझे नाव मोठ्याने सांगावे लागले असते. घर तिचे. कोणी आडवे येऊ नये.

कलम दुसरे. बँकेच्या खिडकीतून मी झाडलेली गोळी ज्या हवालदारांच्या खांद्यात शिरली, ते निवृत्त झाल्यावर एकदा मोडकी खुर्ची घेऊन दुकानात आले. मी त्यांना ओळखले, त्यांनीही मला. "उजवा हात वर जात नाही, नाहीतर घरीच विणली असती," एवढेच बोलले. मला मान वर करता आली नाही. माझी झुलती खुर्ची त्यांना द्यावी. नको म्हणाले तर आग्रह करू नये.

कलम तिसरे. जावयांनी आपल्या घरी सासरा कधीच वारला असे सांगून ठेवले आहे. लेकीच्या लग्नात मी शेजारच्या गल्लीत उभा होतो. त्याचा राग मनात धरला होता, तो येथे रद्द करतो. मी गेल्याचे त्यांच्या घरी कळवू नये. एकाच माणसासाठी त्यांनी दोनदा का रडावे?

येथे मृत्युपत्र संपत होते. आज सकाळी पत्नीला वाचून दाखवले. ती काजे करत होती.

"माझ्या भावाचं यात काहीच नाही," ती म्हणाली.

"त्याला काय देणार आता?"

"द्यायचं नाही. सांगायचं. तो शेवटी काय बोलला?"

"जागीच गेला. कोर्टात सांगितलं होतं ना."

"कोर्टाला सांगितलंत. मी विचारतेय."

म्हणून कलम चौथे. मेहुण्याला मी कर्ज मंजूर झाले आहे असे सांगून बँकेत नेले होते. गाडी चालू ठेव, खाली उतरू नकोस, असे बजावले होते. पिस्तूल त्याने पाहिलेही नव्हते. पोलिसांनी वेढा घातला तेव्हा मी रोखपाल बाईंना मानगूट धरून पुढे उभे केले होते, याची लाज मी रोज घासाबरोबर गिळतो. गोळीबार ऐकून मेहुणा पळून गेला नाही. मागच्या दाराने आत आला. म्हणाला, "भावोजी, टाका ते. मी हात वर करून पुढे होतो, तुम्ही माझ्या मागून या." मी सदरा धरून त्याला मागे ओढले. त्या ओढाताणीत तो खिडकीसमोर आला आणि पोलिसांची गोळी त्याला लागली. मग मी पिस्तूल टाकले. त्याआधी टाकायला हवे होते.

तो जागीच गेला नाही. माझ्या मांडीवर डोके ठेवून म्हणाला, "ताईला सांगू नका मी आत आलो. गाडीतच होतो म्हणा. ती ओरडेल."

हे सारे पत्नीला सांगितले. तिने सुई कापडात खोचली. "ओरडलेच असते," म्हणाली. मग मला बाहेर जायला सांगून दार लावून घेतले.

हे कलम मी व्हरांड्यात बसून लिहिले आहे. दार अजून उघडलेले नाही.

ठिकाण: राहत्या घराचा व्हरांडा
दिनांक: ७ मार्च

सही: (लिहून देणार)

साक्षीदार, माझ्यासमक्ष सही करणारे:
१. दाखला देणारे डॉक्टर (सही)
२. शेजारचा इस्त्रीवाला (सही)