मोरपंखी साडीची विचारपूस

३ नोव्हेंबर १९९७
चाललं! कॉम्प्युटरने आज पहिली चाळीस पत्रं आपल्या आपण काढली. मी फक्त प्रिंटरला कागद भरत होतो. शेठ बाजूला उभे — ‘मंदारभाई, आ तो जादू छे!’ जादू कसली, दीड महिना बिलबुकं घेऊन बसलोय. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, साडीचा रंग, तारीख. लिंबायत, गोडादरा, भेस्तान, सगळीकडची मराठी गिऱ्हाइकं. साडी घेतल्यावर आठ दिवसांनी आभाराचं पत्र, तीन महिन्यांनी विचारपूस, लग्नसराईच्या आधी आमंत्रण. कुणाचं काय बाकी आहे ते यंत्रच तारखेवरून ठरवतं आणि रिकाम्या जागी नाव नि रंग भरतं. सुरतेत दुसऱ्या कुठल्या साडीच्या दुकानात असलं काही नसेल, पैज!

५ नोव्हेंबर
शेठ म्हणतात, खाली दुकानाचा शिक्का नको, बाईचं नाव हवं. बायका बाईचं ऐकतात. पटकन सुचलं ते टाकलं — ‘आपली, उज्ज्वलाताई’.
आईचं नाव. तिला सांगितलेलं नाही. सांगायचंय काय त्यात!

१९ जानेवारी १९९८
विचारपुशीचं पत्र आज पक्कं केलं. ‘सौ. अमुक, आपली तमुक रंगाची साडी कशी निघाली? रंग गेला नाही ना? मुलंबाळं बरी आहेत ना? हे दुकान आपलं माहेरच समजा. घरच्या कार्यात आम्हाला विसरू नका.’ शेवटच्या दोन ओळींवर शेठ जाम खूश. मीही, खोटं कशाला बोलू.

२ मार्च
धंदा वाढला. शेठने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आईला सांगितलं, ती ‘बरं’ म्हणाली. बाबा गेल्यापासून तिचं सगळं ‘बरं’वरच आहे. तीन वर्षं झाली, कुणाच्या लग्नामुंजीला जात नाही. ‘मला कशाला, विधवेला,’ म्हणते. चिडतो मी, पण ती ऐकत नाही.

२१ एप्रिल
आज भलतंच झालं.
दुपारी एक बाई आली. चाळिशीच्या आतली, हातात हळदीकुंकवाच्या अक्षता नि लग्नपत्रिका. गल्ल्यावर येऊन सरळ अहिराणीत विचारलं — ‘उज्ज्वलाताई कोठे शेत?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले.
सुभद्राबाई. गोडादऱ्याच्या. नवरा लूमवर, यंत्रमागाच्या कारखान्यात. मुलीचं, योगिताचं, लग्न दहा मेला. पिशवीतून आमची दोन्ही पत्रं काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली! लेक वाचून दाखवते म्हणाल्या. ‘मना माहेरमा कोनी नही. माय नही, भाऊ नही. ताईनी लिखेल शे ना, माहेर समजा. मी आख्खी गल्लीले सांगी दिनं — मना माहेरना माणसं येतीन!’
मी म्हटलं, ताई सुट्टीवर आहेत. जीभ झडली कशी नाही! बाईंनी माझ्याच हातावर अक्षता ठेवल्या. ताईंना द्यायला.
गेल्यावर शेठ पोट धरून हसले. म्हणाले, एक कॅलेंडर पाठवून दे. मी पण हसलो. 

२२ एप्रिल
अक्षता खिशातच आहेत. टाकवत नाहीत.

२५ एप्रिल
आईला सांगून टाकलं. सगळं.
इतकी चिडलेली तीन वर्षांत पाहिली नव्हती! ‘माझं नाव साड्या खपवायला लावलंस? आणि माहेर? माहेर म्हणजे काय पाटी आहे का, दुकानावर टांगायला?’ मी म्हटलं, तू चल ना लग्नाला, तिची लाज राहील. तर म्हणाली, ‘खोटी उज्ज्वलाताई बनून मी येणार नाही. आधी जा आणि तिला खरं सांग. मग ती बोलावते का बघू.’
आता तिला खरं सांगायचं म्हणजे तिच्या तोंडचा घास काढायचा. लग्नाला पंधरा दिवस.

३० एप्रिल
चार दिवस टाळाटाळ करून आज गोडादऱ्याला गेलो. एक खोली. सुभद्राबाईंनी पाट मांडला, सरबत दिलं. सरबत तसंच ठेवून सांगितलं — ताई नाही, पत्रं यंत्र लिहितं, हजारोंना जातात.
 बाहेर लूमची खडखड चालू होती. मग म्हणाल्या, ‘आते गल्लीले काय सांगू?’
मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठलो. दारात होतो तेवढ्यात मागून आवाज — ‘मंग मन्ही साडीना रंग कोन ईचारा?’
‘यंत्राने.’
‘मशीनले काय ठाऊक, मन्ही साडी मोरपंखी शे?’
‘ते मी घातलं होतं. बिल बघून.’
‘मंग तूच ईचारं ना!’
 सुरतेत आल्यापासून सोळा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणाल्या. साडी कशी आहे, पोरं कशी आहेत, काहीच. मग खाली बघत म्हणाल्या, ‘तुन्ही मायले लई ये.’
सरबत उभ्याउभ्या प्यायलो. येताना सायकलवर रडलो, लिहायला लाज वाटते पण रडलो.

१ मे
आईला निरोप सांगितला, तुला घेऊन ये म्हणाल्यात. ‘बरं’ म्हणाली. पण हे ‘बरं’ वेगळं होतं. ट्रंक उघडून बसली.

१० मे
घरी आलो आत्ताच. अंगावर अजून अक्षता आहेत.
आई आहेर घेऊन आली होती. बाबांनी शेवटच्या दिवाळीला आणलेली जांभळी साडी, घडीही न मोडलेली. मांडवाच्या दाराशी मात्र अडली. ‘मी लांबच बसते रे, शुभकार्य आहे.’ सुभद्राबाई पळत आल्या, पायाच पडल्या. ‘माय’ म्हणाल्या आणि हात धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. गल्लीतल्या बायका बघत होत्या. बघू देत!
मुहूर्ताला भटजी ओरडले, ‘मुलीचे मामा! मुलीला घेऊन या!’ कुणी उठेना. पुन्हा ओरडले. सुभद्राबाईंची मान खाली. आईने मला कोपराने ढोसलं — ‘ऊठ. ती मला माय म्हणाली ना? मग तू कोण?’
उठलो. योगिताला हात धरून आणलं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहिलो.  चोवीस वर्षांचा मामा!

११ मे
शेठला कळलं. त्यांना लग्नाचा फोटो हवाय, पुढच्या पत्रावर छापून घरोघर पाठवायला. ‘अडीच हजार घरमां मोकलीए!’
नाही म्हणालो.

१३ मे
पत्रातली माहेराची ओळ काढली, खालचं आईचं नावही. शेठ तणतणले, तीच ओळ तर चालत होती! सुभद्राताईंचं नाव यादीतूनच खोडलं. त्याचं कारण शेठने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
घरी आई पोस्टकार्ड लिहीत बसली होती. चार ओळी झाल्यावर माझ्याकडे सरकवलं. ‘खाली तू लिही. नाव तुझं घाल.’

‘मोरपंखी साडी लग्नात छान दिसत होती, ताई. — मंदार.’