आबांचं राहिलेलं वाक्य

कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती
१७ जानेवारी १९९६

तीर्थरूप भिमरावमामांना धम्मदीपचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे उठून-बसून आहोत. आपली तब्येत कशी आहे? सारजामामींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का? शेळगावात थंडी किती पडली? आणि कॅनॉलकडेच्या आपल्या उसाला तोडीची टोळी आली का? (सहज विचारतो आहे. आली नसेल तर उत्तमच. आली असेल तर तोड कोणत्या कोपऱ्यातून सुरू झाली, तेवढं उलटटपाली कळवावं.)

आपण दिवाळीत दिलेला डी.एड.चा फॉर्म मी जपून ठेवला आहे. त्याची मागची बाजू कोरी होती म्हणून तिच्यावर एका मालिकेच्या शेवटच्या भागाचे संवाद उतरवून घेतले आहेत, पण पुढची बाजू अजून स्वच्छ आहे. मामा, रागावू नका. माणसानं एकदाचं कुठेतरी चिकटावं, असं आपणच म्हणाला होता. मी चिकटलो आहे. दूरदर्शनसाठी तयार होत असलेल्या तेरा भागांच्या मालिकेचा मी स्थानिक व्यवस्थापक आहे. हे पद ऐकायला मोठं वाटतं, आणि ते ऐकण्यापुरतंच आहे.

झालं असं, की गेल्या महिन्यात बारामतीच्या एसटी स्टँडबाहेर एक पांढरी जीप उभी होती, आणि तिच्यातले चौघे रसवाल्याला विचारत होते की इथे ऊस कुठे मिळेल. रसवाला त्यांना ग्लास दाखवत होता. त्यांना दीड एकर हवा होता, तोही उभा. मी पुढे झालो. (नको तिथे पुढे होण्याची माझी सवय आपल्याला ठाऊकच आहे.) त्यांतले दाढीवाले ते दिग्दर्शक पाळंदे साहेब. त्यांनी आमचा फड पाहिला, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून पुन्हा पाहिला, आणि म्हणाले, हाच. मी मनात म्हटलं, अरे, मी पण इथेच उभा आहे, जरा चौकट डावीकडे घ्या. पण त्यांनी ती घेतली नाही.

मालिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो. एका शेतकऱ्याच्या मुलाला गाव सोडून शहरात जायचं असतं. बाप नाही म्हणतो. मुलगा रुसून उसात शिरतो, बाप बांधावर उभा राहून ओरडतो. शेवटच्या भागात मुलगा उसातून बाहेर येतो, बाप त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, "जा. पण पोचल्याचं पत्र टाक." संपली मालिका. (मला ही गोष्ट फार आवडली. का आवडली ते आपण विचारू नये.) मुलाचं काम करायला मुंबईचा सूरज नावाचा नट आला होता, जो उसाची पानं हाताला लागली की दर वेळी दवाखाना कुठे आहे ते विचारत असे.

माझं काम म्हणाल, तर आजूबाजूच्या विहिरींवरच्या चार मोटारी बंद करवणं, शेजारच्या भामाबाईच्या शेळ्या चित्रातून हाकलणं, पिठाच्या गिरणीवाल्याला दुपारी दळू नकोस म्हणून विनवणं आणि उरलेल्या वेळात थर्माकोल धरणं. नटाच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढऱ्या थर्माकोलचा मोठा तुकडा उन्हात धरून उभं राहावं लागतं. मी चार दिवस धरला. उजेड सूरजच्या तोंडावर पडला आणि काळं माझं झालं. घरातलं चित्रण आमच्याच बाहेरच्या खोलीत झालं. तिथल्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि भगवान बुद्धांच्या तसबिरी काढून त्यांच्या जागी काहीतरी "साधंसं गावाकडचं" लावावं, असं कला विभागाच्या माणसानं सुचवलं. आबा खाटेवरून न उठताच म्हणाले, "फोटू हलला तर शूटिंगबी हलंल." दोन्ही जागेवरच राहिलं. तेव्हा त्या मालिकेतलं घर आता कायमचं आपल्यातलं आहे, हे आपल्या माहितीसाठी.

आता आबांविषयी. सिनेमा म्हणजे रिकामटेकड्यांनी रिकामटेकड्यांसाठी केलेला उद्योग, असं आबांचं मत आपण गेली वीस वर्षं ऐकत आला आहात. जीप अंगणात आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि पहिला दिवसभर ती वळवली नाही. पण बापाचं काम करायला मुंबईहून आलेल्या वयस्कर नटानं पहिल्याच जेवणात आईच्या हातचा ठेचा जॅम लावावा तसा भाकरीला लावून खाल्ला. (आई नको नको म्हणत होती. त्यांना तो आग्रह वाटला.) दुसऱ्या दिवशी ते फक्त परसाकडच्या वाटेवर भेटत. इकडे कॅमेरा लागलेला, सूरज उसात शिरलेला, बाप नाही. इतक्यात आपला ऊस मोडतोय हे पाहून आबा बांधावर आले आणि ओरडले, "कोन हाय रं त्यो? भाईर ये! कांडं मोडलं तर तुझं तंगडं मोडीन!" (पुढचं आपल्याला लिहिता येत नाही.) पाळंदे साहेबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, निघाले हे. ते म्हणाले, बाप मिळाला.

मामा, मी कॉलेजात तीन वर्षं गॅदरिंगमध्ये काम केलं, आरशासमोर रडायला शिकलो, आणि कॅमेऱ्यासमोर गेले आबा. थर्माकोल धरला मी. स्वतःच्या बापाच्या तोंडावर उजेड पाडण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं, असं मी स्वतःला सांगतो.

ओरडण्यात आबा पहिल्या फटक्यात पास झाले. अडलं ते शेवटच्या वाक्यापाशी. संध्याकाळी तालीम घेतली. मुलगा उसातून बाहेर येतो, बापानं म्हणायचं, "जा." आबा म्हणाले, "घरी चल." साहेब म्हणाले, आबा, वाक्य "जा" असं आहे. आबांनी मान डोलावली, घसा खाकरला आणि म्हणाले, "घरी चल, कालवण निवाय लागलंय." असं अकरा वेळा झालं. शेवटी आबाच चिडले, की असं कुठला बाप म्हणतो ते मला दाखवा. तोवर सूर्य बुडाला, सूरजला दुसऱ्या चित्रीकरणाला जायचं होतं, आणि ते एक दृश्य दहा दिवसांवर गेलं.

जाताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, धम्मदीप, दहा दिवस हा ऊस असाच उभा ठेव. तेवढं एक काम नीट केलंस तर तुला मुंबईला घेऊन जातो, तिसरा सहायक म्हणून. मामा, मी त्या रात्री झोपलो नाही. आमची तोडीची पाळी तीन आठवड्यांनी होती, म्हणजे ऊस उभा ठेवायला मला काहीच करायचं नव्हतं, आणि काही न करण्यात मी कधी कमी पडलेलो नाही. तेव्हा मधल्या वेळात मी पुण्याला जाऊन स्वतःचे फोटो काढून घेतले. एकात हसतो आहे, एकात विचार करतो आहे, एकात फोन कानाला लावला आहे. (फोन स्टुडिओवाल्याचा. त्याला वायर नव्हती, पण ती फोटोत दिसत नाही.)

दोन दिवसांनी एसटीनं परत येत होतो. आमच्या वळणावर गाडी आली आणि खिडकीतून मला आमचं घर दिसलं. मामा, पावसाळा संपल्यापासून आमचं घर रस्त्यावरून दिसत नाही. उसाआड असतं. मला आमची चूल दिसली, गोठा दिसला, आई वाळत घालत असलेलं माझंच पांघरूण दिसलं. कंडक्टरनं दोनदा हाक मारली तेव्हा मी उतरलो. फडात पाचट पसरलेलं, शेवटची गाडी मोळ्या घेऊन वळत होती, आणि आबा बांधावर बसून बैलाला उसाचे हिरवे वाढे घालत होते. चौकशीअंती समजलं, की पाळी शेजारच्या भामाबाईच्या उसाची होती, पण तिच्या गाडीवाटेत कोणीतरी पाटाचं पाणी फोडलं, चिखलात गाड्या रुतायला लागल्या, म्हणून मुकादमानं टोळी आमच्या फडात घातली. (पाणी कोणी फोडलं ते गावाला अजून कळलेलं नाही. भामाबाई रोज सकाळी त्याचा उद्धार करते, नाव न घेता.) मी आबांना म्हटलं, दहा दिवस थांबायचं ठरलं होतं ना? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "टोळी दारात आल्याव कोन माघारी धाडतं व्हय?" आपल्याकडे माणसं पोरीचं लग्न पुढे ढकलतील, आलेली टोळी परत पाठवणार नाहीत.

काल जीप आली. तिच्यात मेघना मॅडम असतात, ज्यांचं काम म्हणजे आधीच्या चित्रणात काय काय होतं ते वहीत टिपून ठेवणं, म्हणजे पुढच्या वेळी सगळं हुबेहूब तसंच मांडता येतं. त्यांनी वही उघडली आणि वाचलं: शर्टाचं वरचं बटण उघडं, कपाळावर उजवीकडे माती, ऊस डोक्याच्या वर चार हात. मग वही मिटून त्या पाचटाकडे बघत उभ्या राहिल्या. पाळंदे साहेबांनी बोटांची चौकट करून रिकाम्या रानाकडे पाहिलं. मग म्हणाले, हिरो उसात शिरला आणि ऊस कारखान्याला गेला, आता हिरो काय मळीत शोधायचा? कोणी हसलं नाही. मी हसलो, आणि ती माझी आणखी एक चूक झाली. निघताना त्यांनी सांगितलं, की आठ दिवसांत अस्साच ऊस दाखवलास तर तुझी जागा आहे. नाही दाखवलास तर आम्ही दुसरीकडे ऊस बघू, तिथला माणूसही बघू.

मामा, एवढं सगळं हसत हसत लिहिलं, पण मला जायचं आहे. मी हे आबांना कधी तोंडानं म्हटलेलं नाही, कारण ते नाही म्हणाले असते तर मला उसात शिरावं लागलं असतं, आणि आता तोही नाही. थर्माकोल धरून का होईना, मला तिथं उभं राहायचं आहे.

असो. नशिबात असेल तसं होईल. आपल्याला काही सांगायचं म्हणून लिहिलं, बाकी काही हेतू नाही. मामींना जयभीम आणि गुडघ्याला एरंडाचं पान बांधायला सांगा.

आपला भाचा,
धम्मदीप

ता. क. : आपला कॅनॉलकडेचा ऊस साधारण किती उंच असेल? डोक्याच्या वर चार हात असावा, असा माझा अंदाज आहे. तो येत्या मंगळवारपर्यंत उभा ठेवावा, एवढी विनंती. टोळी आलीच तर मुकादमाला चहा पाजा, बैलांना पाणी दाखवा आणि बोलत बसा. तीस वर्षं गुरुजी म्हणून काढली आहेत आपण, मुद्द्यावर न येता तासन् तास बोलणं आपल्याला जड नाही.

ता. क. दुसरा : आपण हो म्हणाल असं गृहीत धरून मी साहेबांना आपला पत्ता दिला आहे. बावीस माणसं मंगळवारी सकाळी येतील. मामींना म्हणावं ठेचा करू नका.

ता. क. तिसरा : पाकिटाला डिंक नाही. आबा उद्या बारामतीला जाणार आहेत, तेच भाताच्या शितानं चिकटवून पेटीत टाकतील. ते पत्र वाचणार नाहीत, त्यांचा चष्मा परवाच फुटला. तरी त्यांना यातलं काही कळू देऊ नये.

*

भिमराव, मी गेणू. बारामतीच्या पोष्टात बसून लिवतोय. चष्मा फुटल्याला न्हाय, खिशात हाय. तसं म्हणलं की पोरगं माझ्याम्होरं उघडं लिवतं.

भामाबाईच्या वाटंत पानी म्याच फोडलं. पोरगं फोटू काढाया पुण्याला गेलं तवाच वळाखलं, ह्यो आता ऱ्हात न्हाय. म्हणलं, ऊसच न्हाय तर शूटिंग कुठलं. पर ऊस गेल्यापास्नं ते नीट जेवंना. रिकाम्या रानाकडं बघत बसतंय. त्याची आय माझ्याशी बोलत न्हाय.

तुमी ऊस उभा ठेवा. टोळी आली तर निरोप धाडा, पानी कसं फोडायचं ते मी सोता येऊन दावतो. आन् मंगळवारी मीबी त्यांच्यासंगं येतोय. माझं त्यात एक वाक्य ऱ्हायलंय. "जा" म्हणायचं हुतं, ते तोंडातनं भाईरच पडत नव्हतं. रोज पहाटं धार काढताना म्हशीम्होरं म्हणून बघतो. आता येतंय.