सोमवारची स्कूटर

बोरीवली (पश्चिम),
सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रिय जयवंत,

सप्रेम नमस्कार. यापुढे ‘विनंती विशेष’ लिहायची पद्धत आहे. माझ्याकडे विनंती नाही, आणि जे विशेष आहे ते लगेच सांगवत नाही. तेव्हा आधी तक्रार सांगतो.

आमच्या घरी क्रिकेटची मॅच इंटरनेटने येते. शेजारच्या सहाशे दोनमध्ये ती अजून केबलने येते, आणि केबल माझ्यापेक्षा तीस सेकंद पुढे आहे. माझा बोलर अजून चेंडू मांडीला पुसत असतो, तोवर भिंतीपलीकडून "गेलाऽऽ!" अशी आरोळी येते. मग मी बसायचं आणि तो कसा गेला ते श्राद्धाच्या जेवणासारखं शांतपणे बघायचं. गेली दोन वर्षं मी एकही विकेट ताजी पाहिलेली नाही. सहाशे दोनने तीस सेकंद थांबून ओरडावं, असा रीतसर लेखी अर्ज मी सोसायटीला दिला. सेक्रेटरीने त्यावर ‘नोंद घेतली’ असं लिहून तो फाइलला लावला. या देशात प्रेक्षकाला कोणी वाली नाही.

तू म्हणशील, हा कोण बाबा पंचवीस वर्षांनी पत्र लिहून केबलचं रडगाणं गातोय? अरे, मी बाळ. जोगेश्वरीच्या आपल्या वेतोबा क्रीडा मंडळाचा गुणलेखक. तू चढाईला जायचास आणि मी टेबलाशी बसून तुझे गुण मांडायचो. तुझा पत्ता एका अर्जावर मिळाला, चारकोपचा. फोन नंबरही होता त्यावर. पण फोन केला की तू "हॅलो" म्हणणार आणि मी घाबरून काहीतरी विनोद करणार. कागदावर निदान खोडता येतं.

माझं बरं चाललंय. मृणालिनी, म्हणजे माझी बायको, बरी आहे. ती खेळ बघत नाही, मला बघते आणि तेवढ्यावर तिची करमणूक होते. मी इथल्या एका साप्ताहिकात खेळाडूंची टिंगल करणारं सदर लिहितो, ‘बारावा गडी’ नावाचं. लोक वाचतात. मला भाजीवाल्यापासून डेंटिस्टपर्यंत सगळे ‘सर’ म्हणतात.

आपण प्रेक्षक फार थोर असतो रे. परवा एक नामांकित खेळाडू, नाव सोड, इथल्या मार्केटमध्ये कोथिंबीर घेत होता. त्याने घासाघीस केली. लगेच आमच्यातला एक म्हणाला, "एवढा कमावतो आणि बघा, कंजूष!" घासाघीस केली नसती तर म्हणाला असता, "माज बघा, भावसुद्धा विचारत नाही." हसला तर कॅमेऱ्यासाठी हसतो, नाही हसला तर शिष्ट. बायकोची पिशवी धरली तर बायकोच्या मुठीत, आणि नाही धरली तर बघा, बायको ओझं वाहतेय. कोथिंबिरीच्या एका जुडीत आपण माणसाचं चारित्र्य निकालात काढतो. याच्यावर मी सदर लिहिलं, लोकांना आवडलं. मलाही आवडलं होतं, कालपर्यंत.

आता काल काय झालं ते सांगतो. आमच्या सात सोसायट्यांनी मिळून समोरच्या मैदानावर मुलींचा कबड्डी संघ काढलाय. चौदा मुली आहेत. त्यांना प्रशिक्षक हवाय आणि तो निवडायला समिती आहे. समितीत मी आहे, कारण मला खेळातलं कळतं असा सार्वत्रिक गैरसमज आहे. काल रविवारी अकरा वाजता क्लब हाउसमध्ये अर्ज उघडले. अध्यक्ष शहाभाईंनी तिसरा अर्ज हातात घेतला आणि वाचलं, "मेस्त्री, जयवंत. राज्याच्या शिबिरात होते. चारकोप. अरे वा, आपल्या बाजूचेच!"

माझ्या तोंडातलं बिस्कीट तसंच राहिलं. आनंद झाला रे, खरंच.

समितीत श्रुतिका म्हणून शाळेतली पी.टी.ची टीचर आहे, पंचविशीची. सध्या तीच मुलींना सांभाळते. ती म्हणाली, "एक मिनिट सर, हे ते स्कूटरवाले ना?"

"कोण स्कूटरवाले?" शहाभाई.

"अहो, नाइन्टीनाइनची फायनल विकली ना यांनी. समोरच्या टीमने स्कूटर दिली. फायनल रविवारी, आणि सोमवारी नवी कोरी दारात! व्हिडिओ आहे त्याच्यावर. आम्हाला कॉलेजला कोचनी पण सांगितलेलं. सगळ्यांना माहितीये."

जयवंत, मी हबकलो. ‘फायनल विकली’ने नाही, तसं कोणीही कोणाबद्दल बोलतं. मी हबकलो ते ‘सोमवारी’ने. तू स्कूटर सोमवारी आणली नव्हतीस. ज्या मुलीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ती मला वार सांगत होती, आणि तोही चुकीचा, आणि इतक्या खात्रीने, की क्षणभर मलाच वाटलं, आणली होती की काय सोमवारी?

शहाभाई माझ्याकडे वळले. "बाळसाहेब, तुम्ही तर त्याच मंडळाचे. खरं काय?"

मी काहीतरी बोललो. निर्णय पुढच्या रविवारवर गेला. तुला कल्पना असावी म्हणून कळवलं, बाकी काही नाही. हल्ली सकाळी गारठा असतो, जप.

तुझा,
बाळ

*

बोरीवली,
रविवार, १२ जानेवारी २०२५

जयवंत,

सोमवारचं पत्र टाकलंच नाही. मृणालिनीकडे स्टँप मागितला, तर तिने आधी पत्र मागितलं. वाचून म्हणाली, "छान आहे. पण हे पत्र आहे की सदर?" मग म्हणाली, "तुम्ही काय बोललात तेवढंच लिहिलेलं नाहीये." आणि कुकर लावायला गेली. स्टँप दिलाच नाही. आता दोन्ही एकाच पाकिटात घालतोय. ते फाडणार नाही. कसा पळत होतो ते तुला दिसू दे.

शहाभाईंनी विचारलं, खरं काय. मी म्हणालो, "तसं म्हणतात खरं."

एवढंच म्हणालो. मग चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून आत पडलं आणि मी ते चमच्याने काढत बसलो, म्हणजे कोणाच्या तोंडाकडे बघायला नको.

आता वर्धापनदिन. तुला आठवत असेलच, मला तर गेले सात दिवस दुसरं काही आठवत नाहीये. फायनलनंतर दीड महिन्याने मंडळाचं संमेलन होतं. चाळीच्या पटांगणात स्टेज. बिस्किटाचा रिकामा डबा, त्यात निनावी चिठ्ठ्या, आणि खंडू माइकवरून एकेकाचे फिशपॉंड वाचतोय. कोणाच्या टकलावर, कोणाच्या लग्नावर. तुझी पाळी आली:

‘फायनलला घसरला पाय, हसू आलं गालात,
नवी कोरी स्कूटर उभी सोमवारी दारात!’

पटांगण खदखदलं. तूही हसलास, सगळ्यांच्या आधी. खंडूने तो दोनदा वाचला.

तो मी लिहिला होता.

मला माहीत नव्हतं असंही नाही रे. मला जेवढं माहीत होतं तेवढं तुझ्याखेरीज कोणालाच नव्हतं. तुझ्या बाबांच्या गिरणीचे पैसे एकदाचे सुटले. त्यांना दम लागायचा, हॉस्पिटलला जाताना बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. आपण दोघं अंधेरीला शोरूममध्ये गेलो, गुरुवार होता, फायनलला तीन आठवडे होऊन गेले होते. येताना मी मागे बसलो होतो, मांडीवर नारळ घेऊन. दारात आल्यावर तुझ्या आईने चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मला म्हणाली, "बाळ्या, जेवल्याशिवाय जाव नको हां." बांगड्याचं तिखलं होतं. दोनदा भात घेतला मी. आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती चिठ्ठी लिहिली.

गुरुवार ठेवला असता तर विनोद मेला असता. फायनल रविवारी, म्हणून स्कूटर सोमवारी. अशा गोष्टी मला बरोबर कळतात.

का लिहिलं? सात दिवस शोधतोय. तुझ्या गळ्यात हार पडायचे आणि मी टेबलाशी बसून आकडे मांडायचो, हे आहेच. मंडळात तू आलास की लोक सरकून जागा द्यायचे, मी आलो की म्हणायचे, "बाळ, पंखा लाव." पण खरं सांगू का, मत्सरसुद्धा निमित्तच होता. ‘गालात’ला ‘दारात’ सापडलं, आणि मग मला ते टाकून देववेना. एवढ्यावर तुझं नाव गेलं.

पुढे राज्याच्या संघातून तुला वगळलं. ऑफिसात क्रीडा विभागातून उचलून गोदामात टाकलं, हेही मला खंडूकडून कळलं. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगितलं, एका चिठ्ठीने असं काही होतं का? काही तरी असेल. असेलच. म्हणजे बघ, मीच सोडलेली पुडी, आणि फिरून माझ्याकडे आली तेव्हा मीही ती अर्धी-मुर्धी विकत घेतली.

आज सकाळी अकराला मी समितीसमोर उभा राहिलो. बसून बोलता आलं असतं, पण उभा राहिलो. सगळं सांगितलं. गिरणी, गुरुवार, नारळ, बिस्किटाचा डबा. फिशपॉंड म्हणून दाखवला.

आणि जयवंत, ते हसले.

टाळ्या पडल्या रे! शहाभाई डोळे पुसत म्हणाले, "सर, जबरदस्त! हे पुढच्या अंकात टाका." मी म्हणालो, "शहाभाई, हा विनोद नाही." ते आणखी हसले. मी खोटं लिहिलं ते पंचवीस वर्षं खरं ठरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो तर माणसं पोट धरून हसताहेत.   सात माणसांसमोर मी नुसता उभा. मग हळूहळू एकेकाचं हसू थांबलं. पंख्याचा आवाज यायला लागला.

श्रुतिका हसली नव्हती. "म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"आणि गेल्या रविवारी पण?"

"हो."

"मग का लिहिलंत?"

"यमक जुळलं म्हणून."

ती खुर्चीत पुढे सरकली. मग म्हणाली, "सर, मी या आठवड्यात चौदा मुलींना ही गोष्ट सांगितलीय. खेळ विकणारा माणूस कसा असतो, त्याचं उदाहरण म्हणून. आता त्यांना काय सांगू?"

"माझं नाव सांग," मी म्हणालो.

"सांगणारच आहे," ती म्हणाली. धारदार पोरगी आहे. मुली योग्य हातात आहेत.

मी सगळं लिहून, सही करून शहाभाईंना दिलं. समितीचा राजीनामाही दिला. त्यांनी तो ठेवून घेतला, आग्रह वगैरे काही केला नाही. साप्ताहिकालाही तोच मजकूर पाठवलाय, सदर म्हणून छापू नका असं वर लिहून. तुला १९ तारखेला मुलाखतीला बोलावतील. निवडतीलच असं नाही, आणखी दोन चांगले अर्ज आहेत. पण स्कूटरचा प्रश्न कोणी विचारणार नाही, आणि विचारलाच तर कागद फाइलमध्ये आहे. तो व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिलाय. माझा कागद सात जणांनी वाचला. हा हिशेब कधी बरोबरीत येणार नाही, मला ठाऊक आहे.

मी माफी मागत नाहीये. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तू भिडस्त आहेस, "जाऊ दे रे" म्हणशील. नको म्हणू.

एक मात्र राहिलंय. त्या वर्षी तू मंडळ सोडून महिनाभर कुडाळला गावी गेलास, तिथून तू मला एक अंतर्देशीय पाठवलं होतंस. निम्म्याहून जास्त कोरं होतं. बाबा आता दोन घास जेवतात, एवढं लिहून खाली विचारलं होतंस: ‘बाळ, स्कूटर आपण दोघांनी जाऊन आणली, हे तू एकदा मंडळात सांगशील का? माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, तुझ्यावर ठेवतील.’ ती चिठ्ठी कोणाची, ते तू विचारलं नव्हतंस. त्यामुळे मला आजवर कळलेलं नाही, तुला माहीत होतं की नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. उद्या लिहू म्हणत दिवाळी आली.

तर तुझ्या पत्राचं उत्तर असं आहे, जयवंत.

हो. सांगितलं.

बाळकृष्ण शंकर नाईक