साखळीतला पहिला फोन

प्रिय ठमे,

चार महिने तू चर्चमध्ये उपासनेला आली नाहीस, त्यामुळे आपल्या गायनमंडळाची काय दशा झालीय ते आधी सांगते. ऐकून तुला बरं वाटेल. खालच्या पट्टीत आता आम्ही दोघीच, मी आणि दवाखान्यातली नर्स. ती रात्रपाळी करून थेट येते आणि दुसऱ्या कडव्याला पेंगते. परवा ऑर्गनवाले मास्तर वाजवायचे थांबले आणि म्हणाले, "खालच्या पट्टीवाल्यांनी गायला आमची हरकत नाही." वरच्या पट्टीवाल्या फिदीफिदी हसल्या. तू असतीस तर मास्तरांना तिथल्या तिथे सुनावलं असतंस. मी आपली वहीत तोंड घालून बसले.

दुकान बरं चाललंय. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, काजं करून करून बोटं दुखतात. तुझा गायनाचा झगा धुऊन, इस्त्री करून माझ्याच कपाटात टांगलाय. सेक्रेटरीकाका म्हणाले, ती काही आता येत नाही, आमच्या बँकेतल्या सुनेला देऊन टाका. मी म्हटलं, काका, त्यात तिच्यासारख्या दोघी मावतील. ते हसले, विषय संपला. पण ठमे, तू परत यावीस म्हणून मी जे काही करते आहे ते एवढंच, झगा राखणं. जे करायला हवं होतं ते करत नव्हते.

तुझी लेक सासर सोडून परत आली, हे तू फक्त दोघींना सांगितलंस: पाळकबाईंना आणि मला. आठवड्याच्या आत, भाजीच्या दुकानात, चार लोकांसमोर, मोठ्या बाईंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "बाळ, आम्ही अकराजणी तुझ्या संसारासाठी प्रार्थना करतोय." मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या तरी त्यांचा आवाज अजून शाळेच्या मैदानाएवढाच. पोर पिशवी तिथेच टाकून घरी आली. मग तू ठरवलंस की हे पाळकबाईंचं काम. मला म्हणालीस, "तुझ्यावर तर माझा डोळे मिटून विश्वास आहे." तेव्हापासून तू त्यांचा फोन उचलत नाहीस. त्या समोरून आल्या की रस्ता ओलांडतेस, हे मी मशीनवर बसल्या बसल्या दोनदा पाहिलंय. आणि त्या दर रविवारी पहिलं गीत संपेपर्यंत दाराकडे बघत असतात.

आता गेल्या रविवारची गंमत ऐक. प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट माझ्यापाशी आलं, मी तसंच पुढे दिलं. प्यालाही पुढे दिला. का, ते सांगते, पण आधी काय झालं ते बघ. मागच्या बाकावर बँकेतली सून होती. तिने विचारलं, "ताई, बरं नाही का?" मी म्हटलं, दात दुखतोय. थाप मारली, दुसरं काय. दुपारी तीनला आपली प्रार्थनेची साखळी सुरू झाली, एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला. पाचच्या सुमाराला माझा फोन वाजला. मोठ्या बाई. यादीवर बोट ठेवून वाचल्यासारखं म्हणाल्या, "आपल्या एका बहिणीसाठी विनंती आहे. नाव घ्यायचं नाही. शिवणकाम करते, गायनात दुसऱ्या रांगेत असते. तोंडाचा मोठा आजार निघालाय, उपचारांना परगावी नेणार आहेत. घरच्यांना अजून कल्पना नाही."

मी म्हटलं, "बाई, ती मीच."

त्यावर म्हणाल्या, "असं होय? मग तू पुढच्या बाईंना फोन करणार आहेस ना?"

मी हसून हसून खुर्चीत बसले. संध्याकाळी दोघी मऊ भात घेऊन आल्या, चावायला नको म्हणून. एकीने माझ्या नवऱ्याचा हात हातात घेऊन त्याला धीर दिला. तो बिचारा मला विचारतोय, मला काय झालंय? कोणाच्या मनात वाईट नव्हतं, ठमे. प्रत्येकीच्या आवाजात कळवळा होता. पण त्या दारातून गेल्या आणि माझं हसू मावळलं. माझं तर दातदुखणंच खोटं होतं. तुझ्या पोरीचं सगळं खरं होतं.

त्या वेळचा पहिला फोन मी केला होता. पाळकबाईंनी नाही, मी. नाव घेतलं नाही, म्हणून मी स्वतःला चांगली समजत होते. 'दवाखान्यामागे राहणारी, एकुलती एक लेक असलेली' एवढंच म्हटलं. प्रार्थनेसाठीच सांगतेय असं मला वाटलं, पण सगळ्यांत आधी मला कळलंय याचा तोराही त्यात होता. तू पाळकबाईंवर आळ घेतलास तेव्हा मी मान हलवली. मनात एवढं ठेवून प्रभुभोजनाचं ते ताट घेण्याचं धाडस मला झालं नाही. सोमवारी सकाळी पाळकबाईंकडे गेले आणि सांगून टाकलं. त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी सांगितलं नव्हतं, मग उरलं कोण?" मी विचारलं, मग तिला बोलला का नाहीत? म्हणाल्या, "तिच्यापाशी तेव्हा एकच मैत्रीण उरली होती. ती कशी काढून घेऊ?" आणि अर्धे वाटाणे माझ्यापुढे सरकवले. तुझ्या लेकीचीही मला माफी मागायची आहे, ती ऐकून घेईल तेव्हा, तिच्यासमोर उभं राहून. पाळकबाई बुधवारी चारला तुझ्याकडे येणार आहेत. मी येत नाही. त्यांना दार उघड. मला उघडायचं की नाही, ते तू सावकाश ठरव.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
शिंपीण