काडीला न लागलेलं ऑइल

अण्णा, आज मी गाडीचं ऑइल बदललं. स्वतः, कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खाली पोतं अंथरून. निवृत्त झाल्यावर एक जुनी डिझेल गाडी घेतली, तुमच्या जीपसारखीच चारही चाकांना जोर लावणारी. शेजारचे काका दोनदा विचारून गेले, गॅरेजवाले संपावर आहेत का म्हणून. हे तुम्हाला कौतुकासाठी सांगत नाहीये. तुमचं कौतुक कधी मिळालं नाही आणि आता ते नकोच आहे.

आधी दहा मिनिटं इंजिन चालवलं, कारण गरम ऑइल घाण घेऊन बाहेर येतं. मग इंजिनाखालच्या ऑइल-चेंबरचा नट सोडला, सगळं निथळू दिलं, नट परत लावताना नवा तांब्याचा वायसर घातला. गाडीच्या पुस्तकात पंधरा-चाळीस ग्रेडचं ऑइल लिहिलंय, तेच आणलं. तुम्ही पुस्तक कधी उघडलंत? तुमचं ऑइल कसबा पेठेतल्या कुणा ओळखीच्याकडून यायचं, पिंपातलं, सुटं, कुठल्या गाडीतून काढलेलं देव जाणे. तेही बदलायचं खंडेनवमीला, वर्षातून एकदा, मधे जीप घाटात कितीही रगडली तरी. वायसर मात्र तोच, ठोकून सपाट केलेला. रोज सकाळी धायरीच्या आपल्या अंगणात काळा डाग पडलेला असायचा आणि त्यावर माती टाकायचं काम माझं. इंजिनातली मापाची काडी काढून ऑइल किती आहे ते बघायचं कामही माझंच. मी दहावीत होते. तुम्ही ओसरीवरून ओरडायचात, "हाय का?" मी "आहे" म्हटलं की चावी फिरायची.

एका सोमवारी मी "नाही" म्हणाले. चार माणसं चहाला बसलेली, तुम्ही जीपनं चिखल कसा तुडवला ते रंगवून सांगताय. मी म्हणाले, ऑइल खालच्या खुणेला आलंय, डांबरासारखं झालंय, बदलायला पाहिजे. तुम्ही उठलात, माझ्या हातातली काडी घेतलीत आणि माझ्या गणवेशाला पुसलीत. दोन्ही बाजूंनी, सावकाश.

"इंजिन कळाया लागलं व्हय तुला? जा, भाकऱ्या बघ."

माणसं हसली. मला एकच गणवेश होता. आईनं तो रॉकेल लावून धुतला, तरी वर्षभर तो डाग घेऊनच मी शाळेत गेले. बाप म्हणून तुम्ही काय काय केलंत ते मी विसरले असेन, पण हे नाही.

गुरुवारी आईची मुलाखत होती. लग्नानंतर, मला सांभाळत, तुमची बोलणी खात ती डी.एड. झाली होती. पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत अकरा वाजता बोलावलं होतं. वयाची अट त्याच वर्षी संपत होती. आई सातच्या बसनं जाणार होती, पिशवीत चपला गुंडाळून तयार. तुम्ही म्हणालात, घरात जीप असताना माझी बायको बसनं गेली तर लोक काय म्हणतील. बस गेली. मग तुमची अंघोळ, तुमची पूजा, तुमचा दुसरा चहा. साडेनऊला निघालात आणि निम्म्या वाटेत इंजिन खडखडलं आणि जाम झालं. आई भर उन्हात चालत, पुढे कुणाच्या तरी टेम्पोत बसून पोचली, तेव्हा एक वाजून गेला होता. त्यानंतर तिनं जन्मभर म्हशी सांभाळल्या आणि गावातल्या पोरांना फुकट पाढे शिकवले.

आणि तुम्ही? "पोरीनं काडी बघितली न्हाई." भावकीत, पाहुण्यांत, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सुद्धा, हसत हसत. तुम्ही मरेपर्यंत हेच. मी ऐकून घेत राहिले आणि तुमचा राग राग करत राहिले. आजही करते.

आज मी फिल्टर आवळत होते तेव्हा आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. ऐंशी उलटलीत आता. ती एकदम म्हणाली, "त्या दिवशी मी सातच्या बसनंच जायला हवं होतं." चिडून नाही, भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तसं. "अण्णांमुळे झालं सगळं," हे माझं पंचेचाळीस वर्षांचं उत्तर तयार होतं. ते न देता मी फिल्टर पुन्हा आवळायला घेतला.

कारण मी काडी बघितली होती, अण्णा. त्या गुरुवारीही. तिला ऑइल लागलंच नव्हतं, कोरडी ठाक. सोमवारपासून रोज बघत होते, किती उतरतंय ते. तुम्ही विचारलंत, "हाय का?" मी म्हणाले, "आहे." मला तुम्ही भर रस्त्यात, चार लोकांसमोर, बंद पडलेल्या जीपशेजारी उभे राहिलेले हवे होतात. आई जीपमध्ये बसेल हे ठाऊक नव्हतं, अशी समजूत मी इतकी वर्षं घालून घेतली. खोटं आहे ते. ती माझ्या डोळ्यांदेखत बसली, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन, पदर सारखा करत. तेव्हाही सांगता आलं असतं. मी तिच्याकडे बघतच नव्हते, तुमच्याकडे बघत होते.

हे पत्र खरं तर आईचं आहे. ती आत पेपर वाचत बसली आहे, दहा पावलांवर. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही तिला सांगू शकत नाही.