मांडणी नवी, दुकान तात्यांचं

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी १०.१०

आजपासून दुकान माझ्या ताब्यात. तात्पुरतं, पण ताब्यात. तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन शुक्रवारी झालं. डॉक्टर म्हणाले महिनाभर वाचायचं नाही आणि धुळीत बसायचं नाही. दुकानात या दोन गोष्टी सोडून तिसरं काही नाही.

तात्यांनी काल पट्टी बांधलेल्या अवस्थेतच सांगितलं, "दसऱ्यापर्यंत बघतंय. जमला तर किल्ली तुझी. नाय तर गाळो मोबाईल कव्हरवाल्याक." मी ठामपणे मान हलवली. पट्टीच्या बाजूला उभा होतो, त्यामुळे त्यांना दिसली नसावी.

घाडी कॉमिक्स सेंटर, लालबाग, चाळीचा तळमजला. विक्री थोडी, भाड्याने वाचायला देणं जास्त. एकोणचाळीस वर्षांत आमच्या वडिलांनी 'डिस्प्ले' हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. मी लोअर परळच्या मॉलमध्ये सात वर्षं शर्टांच्या सेक्शनला होतो. घडीतून कॉलर किती बाहेर दिसावी, हे माझ्याकडून शिकलेली पोरं आज मॅनेजर आहेत. जूनमध्ये नोकरी सोडली. सुचवलं मॅनेजरने, पण राजीनाम्यावर सही माझी होती.

संकल्प: रोज सकाळी नऊला शटर वर. (आज ९.५०. पहिला दिवस.)

मंगळवार, ९ सप्टेंबर

सर्व्हे केला. एकूण १,१४० कॉमिक्स, हिंदी-मराठी. सिस्टिम शून्य. 'मगरमानव'चा पहिला भाग वरच्या फळीवर, दुसरा स्टुलाखाली, तिसरा खोली नंबर सातमध्ये. तात्यांना वर जाऊन विचारलं की हे कशाप्रमाणे लावलंय. म्हणाले, सभासदांप्रमाणे: वर कुशाबाने वाचलेली, खाली न वाचलेली, मधल्या फळीवर गणपतच्या घरी अर्धी वाचून झालेली. ही मांडणी नव्हे, ही चहाडी झाली.

शिवाय आत सगळीकडे खुणा. अकराव्या पानाच्या आकड्याखाली टिंब. पाचव्या पानावर फूल. कुठे त्रिकोण, कुठे नुसती रेघ. कॉमिक वाचून झालं की सभासद आपली खूण करतात, म्हणजे तेच पुन्हा घरी नेलं जात नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि प्रोफेशनल नजरेने बघणं वेगळं. शर्टावर असा डाग असता तर पीस रिजेक्ट झाला असता.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

तीन दिवस खोडरबर. सात रबर संपले. पेनाने केलेल्या खुणांना व्हाइटनर. रुपाली डबे पोचवून दुपारी आली, बघत उभी राहिली. विचारलं, तात्यांना विचारलंत का? म्हटलं, सरप्राइज आहे. ती म्हणाली, होईलच. सपोर्टिव्ह बायको मिळायला नशीब लागतं.

शनिवार, १३ सप्टेंबर

सगळ्या कॉमिक्स पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये घालून चारी बाजूंनी टेप. दुकान एखाद्या लॅबसारखं दिसतंय. तात्यांना दुरून, खिडकीतून दाखवलं. त्यांचं म्हणणं पडलं की पितृपक्षात काही हलवू नये. मी म्हटलं, हलवलं नाही, झाकलंय.

सोमवार, १५ सप्टेंबर

प्रकाशनसंस्थेप्रमाणे, आणि त्यात अक्षरक्रमाने मांडणी पूर्ण. प्रत्येक फळीला छापील लेबल.

पहिलं गिऱ्हाईक कुशाबा. मिलमधून रिटायर झालेले, शेजारच्या चाळीतले, आमचे सगळ्यात जुने सभासद. त्यांनी लेबलं वाचली नाहीत. म्हणाले, ते पाण्यातल्या राक्षसाचं दे, ज्यात त्याची बायको परत येते. प्रकाशन कोणतं, विचारलं. माहीत नाही. नाव? माहीत नाही. सिस्टिमची रचना त्यांना वीस मिनिटं समजावून सांगितली. शेवटी 'जलदैत्याचा सूड' घेऊन गेले. बायको परत येते की नाही, मला कल्पना नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

कुशाबांनी 'जलदैत्य' परत आणलं. वाचलेलं निघालं. दुसरं नेलं, संध्याकाळी तेही परत. वाचलेलं. तिसऱ्याचं प्लॅस्टिक त्यांनी इथेच फाडलं (नियमाविरुद्ध, पण वयाकडे बघून सूट दिली). अकरावं पान उघडलं. चष्मा काढून शर्टाला पुसला. परत उघडलं.

"माझं टिंब कुठं गेलं?"

सांगितलं, सगळं क्लीन केलंय. त्यांनी पान मिटलं. पुस्तक काउंटरवर ठेवून, वहाणा घालून निघून गेले. काही माणसं भारावली की अशीच निघून जातात.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

कालपासून एकही सभासद नाही. कारण शोधलं: अक्षरक्रम ही गोष्ट ऑफिसातली आहे. कॉमिकची ताकद मुखपृष्ठात. मॉलमध्येही शर्ट कॉलरने विकला जातो, शिवणीने नाही. म्हणून आता सगळी कव्हर्स समोरून दिसतील अशी उभी लावली.

भिंतीवर ६४ मावल्या. उरलेल्या १,०७६ पोत्यांत भरून माळ्यावर.

दुपारी प्रिती नावाची मुलगी आली, लोअर परळच्या कुठल्यातरी ऑफिसातली. भिंतीचे दहा मिनिटं फोटो काढले. छान छान म्हणाली. घेतलं काही नाही, पण प्रसिद्धी ही अशीच सुरू होते. चाळीतल्या शांताबाईंचा मुलगा मयूर 'विद्युतसिंग'चा चौथा भाग मागायला आला. पोत्यात आहे, म्हटलं. कुठल्या पोत्यात, हा प्रश्न त्याने विचारायची गरज नव्हती.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. आयडिया सुचली, अंगावर काटा आला. अख्खी मुंबई नऊ दिवस नऊ रंग नेसते, मग भिंतीने का नेसू नये? रोज त्या दिवसाच्या रंगाची मुखपृष्ठं. आज पांढरा. पांढऱ्या मुखपृष्ठाची कॉमिक एकच निघाली. ती मधोमध लावली. मिनिमलिझम.

समोरून जाणाऱ्या बायकांनी वळून पाहिलं. एकीने विचारलं, दुकान खाली करताय का?

मंगळवार, २३ सप्टेंबर

लाल. रक्तपाताच्या सगळ्या कॉमिक्स एकत्र आल्या. एक बाई मुलाचे डोळे हाताने झाकून पुढे गेली. इम्पॅक्ट आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर. दुपारी ३

कुशाबा सकाळी तात्यांना बघायला वर गेले होते. काय बोलणं झालं माहीत नाही. जेवताना तात्या बराच वेळ आमटीत चमचा फिरवत बसले. मग म्हणाले, "झिला, पुस्तकां दिसान काय उपेग? ज्याची त्याका मिळाक होयीत."

मी त्यांना कलर थिअरी थोडक्यात सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर विचारलं, "शांताबाय गेली, सात वर्सां झाली. पाच नंबरच्या पानार तिचा फूल होता. तांय पुसलंस?"

ते पेनाने होतं. व्हाइटनर लावलाय, असं सांगितलं. प्रामाणिकपणा हा माझा गुण आहे.

तात्या उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला. मला जेवण गेलं नाही. भात कच्चा होता बहुतेक. रुपालीने दोनदा घेतला, पण तिला काहीही चालतं.

गुरुवार, २५ सप्टेंबर

पिवळा. रुपालीने न विचारता माळ्यावरची पोती खाली काढली आणि पायरीवर बसून कात्रीने प्लॅस्टिक कापायला लागली. मी हरकत घेतली. ती म्हणाली, तुम्ही भिंत सांभाळा. कामाची वाटणी झाली हे बरं. भिंत हाच दुकानाचा चेहरा असतो.

तिने व्हाइटनरची पानं वेगळी काढून, खिडकीच्या उजेडात धरून बघितली. मागच्या बाजूने फूल दिसतं, म्हणाली. त्यावर पेन्सिल फिरवत बसली होती. तिचा वेळ, तिची पेन्सिल.

शनिवार, २७ सप्टेंबर

करडा. उन्हात विटलेल्या सगळ्या कॉमिक्स यात बसल्या. पहिल्यांदाच स्टॉक पुरला.

चाळीच्या ग्रुपवर रुपालीने काहीतरी मेसेज टाकलाय. उद्या सकाळी दुकानात या, पेन्सिल घेऊन या, असं काहीतरी. मी तो ग्रुप म्यूट केलेला असतो, पूर्ण वाचला नाही. दसऱ्यासाठी चार शब्द बोलावे लागतील, ते लिहून काढतोय.

रविवार, २८ सप्टेंबर. रात्री ८

विजय.

केशरी रंग. सकाळी दहापासून गर्दी. पायरीवर, फुटपाथवर, चाळीच्या जिन्यावर माणसं. कुशाबा आले, गणपत सहकुटुंब आला, चिंचपोकळीहून जुने सभासद चालत आले, काहींना मी वीस वर्षांनी पाहिलं. प्रत्येकाच्या मांडीवर कॉमिक्सची चळत. उघडायचं, दोन पानं बघायची, हसायचं, पेन्सिलने काहीतरी करायचं. न वाचलेलं निघालं की तिथेच वाचत बसायचं. 'हे माझं, हे माझं नाही' असा दिवसभर गलका. मयूरला पाचव्या पानावर काहीतरी सापडलं आणि तो ते पान उघडं धरून जिन्यात बसून राहिला. रुपालीने त्याला चहा नेऊन दिला.

एकाही माणसाने भिंतीकडे पाठ केली नसती, पण बसायला जागाच तशी होती, भिंत मागे.

संध्याकाळी तात्या पट्टी काढलेल्या डोळ्याने गॅलरीतून खाली बघत होते. मी केशरी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यांनी हात वर केला. एवढ्या दुरून आशीर्वाद दिला की 'बाजूला हो' म्हटलं, ते नीट कळलं नाही, पण मी सुरक्षित बाजू म्हणून बाजूला झालो आणि मनातून आशीर्वाद घेतला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

गुलाबी. आज किती पुस्तकं गेली ते मोजायला विसरलो, रुपालीने वहीत लिहिलंय. तिला म्हटलं, तू थोडी मदत करत जा पुढेही. ती म्हणाली, बरं.

भाषण तयार. सुरुवात: "तात्यांच्या दूरदृष्टीमुळे..." शेवट: "...आणि मी." मधलं आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. कव्हरवाला दुपारी गाळा बघायला आला होता. त्याला वरून खाली बघून परत पाठवलं. त्यानेही मला तसंच बघितलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

सकाळी झेंडूचं तोरण, शटरची पूजा. कुशाबा, गणपत, मयूर सगळे हजर. तात्या खुर्ची घेऊन खाली आले. इस्त्रीचा शर्ट घालून मी पुढच्या रांगेत. तात्यांनी खिशातून किल्ली काढली. मी उजवा हात पुढे केला, डाव्या हातात भाषण.

तात्या म्हणाले, "गो रुपाली, हय ये."

ती कुंकवाचं ताट घेऊन मागे उभी होती. ताट खाली ठेवून आली. तात्यांनी किल्ली तिच्या हातात दिली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कव्हरवाल्याक नको म्हणून सांग, एवढंच बोलले. कुशाबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. मीही वाजवल्या, कारण हात रिकामा होता. तेव्हा तात्यांनी त्यात नारळ ठेवला. फोडायला.

तिसऱ्या फटक्याला फुटला. भाषण झालं नाही. कागद नारळाच्या पाण्याने ओला झाला होता, त्यामुळे तसंही वाचता आलं नसतं.

वाईट वाटलं. इथे लिहितो, कारण हे कोणी वाचत नाही. खूप वाईट वाटलं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सकाळी ११

रुपालीने शटर नऊला उघडलं. मी साडेदहाला पोचलो. तिला स्पष्टच विचारलं, आता माझं काम काय? ती पुस्तकं लावत होती, हात न थांबवता म्हणाली, "अहो, तुम्ही यातलं एक तरी वाचलंय का?"

प्रश्न अनपेक्षित होता. लहानपणापासून दुकानात आहे, हाताळली सगळी. पण वाचलं असं... मी विचार करून उत्तर देतो म्हटलं. तिने 'मगरमानव'चा पहिला भाग माझ्या हातात दिला आणि पायरीकडे बोट दाखवलं.

दुपारी १.२०

मगरमानव मुळात मगर नाही. तो गिरणीतला माणूस आहे. गिरणी बंद होते आणि तो नाल्यात पडतो. हे मला कोणी सांगितलं का नाही? शेवटच्या पानावर त्याची बायको नाल्याच्या काठावर येऊन त्याला हाक मारते, आणि पुढे 'भाग दोन पाहा'.

आत गेलो, भाग दोन मागितला. रुपालीने वही उघडली. सभासद आहात का, विचारलं. नव्हतो. तिने नाव लिहून घेतलं, धनेश घाडी, आणि पुढे बघून सांगितलं की दुसरा भाग कुशाबांकडे आहे, मग गणपतच्या घरी जाईल, मग मयूरकडे.

माझा नंबर चौथा.